मुलीची इंजिनीअरिंगची फी: पूर्ण कर्ज काढू की फीमाफीवर भरवसा ठेवू?

काटोलकर:
मुलीला कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) नागपुरातल्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं. ओबीसी, घरचं उत्पन्न साडेपाच लाख. फी 1,20,000 (ट्यूशन 1,05,000, डेव्हलपमेंट 15,000). बँक चार वर्षांचे 4,80,000 द्यायला तयार आहे. घेऊ का?

सेतूवाला:
भाऊ, एवढं कर्ज काढू नका! जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. डेव्हलपमेंट फी मात्र तुम्हालाच भरायची, म्हणजे चार वर्षांचे साधारण 60,000. (मुलगा असता तर ट्यूशनच्या निम्मे, 52,500 मिळाले असते.)

अर्ज महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल), मुलीच्या आधारने. कागद हे लागतात: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर (ओबीसीतल्या सधन गटात नसल्याचा दाखला), अधिवास, अलॉटमेंट लेटर, फीची पावती. नॉन-क्रीमी लेअर आहे म्हणून उत्पन्नाचा दाखला नको, असं समजू नका. क्रीमी लेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, उत्पन्नाच्या दाखल्यात ते धरतात. दाखल्यावरची मुदत 31 मार्चची असते, तीही बघा. सिव्हिल लाइन्सच्या सेतूत (दाखले काढायचं सरकारी केंद्र) ऑगस्टमध्ये गर्दी उसळते, आताच काढून ठेवा.

बाकी अर्ज भरून मोकळं होऊ नका. कॉलेजचा क्लार्क तो तपासतो आणि चूक दिसली की परत पाठवतो. दर आठवड्याला लॉगिन करून बघा. परत आलेला अर्ज मुदतीत सुधारला नाही तर वर्ष जातं. पुढच्या वर्षी रिन्यूअलचा अर्ज वेगळा करावा लागतो.

डीबीटी_मदत:
फीमाफीचे पैसे अडकतात ते बहुतेक आधारमुळे. बँक म्हणते "आधार लिंक आहे", पण ते केवायसीपुरतं (ओळख पटवण्यापुरतं) असतं. पैसे यायला खातं एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार चालवणारी संस्था) मॅपिंगवर, म्हणजे कोणत्या आधारला कोणती बँक या नोंदीत लागतं. यालाच सीडिंग म्हणतात. यूआयडीएआयच्या (आधार देणारी संस्था) साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघा. तिथे मुलीच्या सध्या वापरात असलेल्या खात्याच्या बँकेचं नाव दिसलं पाहिजे. शाळेतलं बंद पडलेलं खातं दिसत असेल तर नव्या बँकेत सीडिंगचा फॉर्म द्या आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा.

काटोलकर:
मग कर्ज घ्यायचंच नाही का? होस्टेल आणि मेसचं काय?

बँकेतला माणूस:
गरजेपुरतं घ्या. डेव्हलपमेंट, होस्टेल, मेस, लॅपटॉप एवढ्याचाच अंदाज काढून बँकेला द्या. 4 लाखांपर्यंत मार्जिन मनी (स्वतःच्या खिशातून घालायचा हिस्सा) लागत नाही, 7.5 लाखांपर्यंत तारण नको. हप्ते कोर्स संपून वर्षभरानं सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. दरमहा तेवढं व्याज भरत गेलात तर मूळ रक्कम फुगत नाही. रक्कम एकदम उचलू नका, सत्राप्रमाणे घ्या.

आणि कॉलेजनं ट्यूशन फी आधी भरायला सांगितलीच, तर पावती ट्यूशन आणि डेव्हलपमेंट वेगळी दाखवणारी मागा. एकच आकडा असलेली पावती चालवून घेऊ नका.