दुसऱ्या अपिलाचा उंबरठा आणखी उंच करावा का?

शेतबांध
आमचा वाटणीचा दावा. चुलत्यांचं म्हणणं, वाटप तोंडी कधीच झालंय. तालुक्याला आम्ही जिंकलो, जिल्हा न्यायालयातही जिंकलो. मग ते हायकोर्टात गेले. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 100 म्हणतं, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच दुसरं अपील, आणि तो प्रश्न हायकोर्टाने निश्चित करायचा. ही अट 1976 च्या दुरुस्तीने आली. आमच्या प्रकरणात असा प्रश्न आजवर निघालेला नाही. ‘जैसे थे’चा आदेश मात्र सहा वर्षं चालू आहे, त्यामुळे दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्जही अडकला. वडील दर तारखेच्या आधी नवा सातबारा काढून पिशवीत ठेवतात, कुणी मागत नाही तरी. दोन कोर्टांनी पुरावा बघितल्यावर तिसऱ्याची गरज काय? दार आणखी अरुंद करा.

आडवाट
अजिबात पटत नाही. आजोबांनी 1963 मध्ये घेतलेल्या जमिनीच्या नोंदणीकृत खरेदीखतात स्पष्ट लिहिलंय, ‘विहिरीत आठ आणे हिस्सा व पाण्याची पाळी’. सातबाऱ्यावर विहीर एकट्या शेजाऱ्याच्या नावावर, म्हणून दोन्ही कोर्टांनी आम्हाला पाणी नाकारलं. खतातली ती ओळ एकाही निकालात नाही. हायकोर्टात काही मिनिटांत सांगितलं गेलं, दोन्ही कोर्टांचे निष्कर्ष एकसारखे आहेत, हा तथ्यांचा वाद आहे. अपील पहिल्याच सुनावणीत संपलं. दोघांनी एकच चूक केली म्हणून ती बरोबर होते का? ऊस वाळला तो आमचा.

काळा कोट
वकिली करतो म्हणून लिहितो. आडवाट, तुमचा मुद्दा तथ्यांचा नव्हताच. मालकी हक्काच्या दस्ताचा अर्थ लावणं हा कायद्याचा प्रश्न होऊ शकतो, आणि निर्णायक पुरावा वगळून काढलेला निष्कर्षही दुसऱ्या अपिलात तपासता येतो. सातबाऱ्याची नोंद मालकी देत नाही, हेही ठरलेलं आहे. अपिलाच्या मेमोत, म्हणजे मुद्दे मांडायच्या अर्जात, पहिलाच प्रश्न तो हवा होता. आम्ही वकील तीस-तीस मुद्दे घालतो, त्यात खरा मुद्दा बुडतो. हा दोष आमचा आहे.
शेतबांध, सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलंय की कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न आहे याची खात्री झाल्याशिवाय दुसऱ्या अपिलात अंतरिम आदेश देता येत नाही. त्या आधारावर ‘जैसे थे’ उठवायचा अर्ज लगेच द्या.

आडवाट
म्हणजे वकील चुकला तर पक्षकाराचं पाणी गेलं. पंजाबात बघा. तिथल्या न्यायालयांबद्दलच्या 1918 च्या कायद्याचं कलम 41 अजून लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2016 मध्येच सांगितलं. तिथे ‘महत्त्वाचा प्रश्न’ दाखवावा लागत नाही. निकाल कायद्याच्या विरुद्ध असला की पुरे. तिथल्या शेतकऱ्याला जे मिळतं ते आम्हाला का नको?

शेतबांध
तिथेही साक्षीपुरावा नव्याने तोलत नाहीत. आणि दार तेवढं उघडलं की माझ्या चुलत्यांसारखे पहिले आत शिरतील. हरलेल्याला वेळ हवा असतो, निकाल नको असतो. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सातारा-सांगलीचा मुंबईचा हेलपाटा वाचला, हे चांगलंच. पण अपील जवळ आलं म्हणून लवकर संपत नाही. तुमच्या खताची ती ओळ वाचायला हवी होती, हे मान्य. माझी मागणी बदलतो: अपील दाखल करून घ्यायचं की नाही, हे तीन महिन्यांत ठरवा. तोवर स्थगिती नको.

काळा कोट
तीन महिन्यांत खालच्या कोर्टाचं रेकॉर्डसुद्धा वर येत नाही, हो. सहा म्हणा.

आडवाट
सहा घ्या. पण फेटाळताना एवढं लिहा, की खरेदीखत वाचलं आणि त्या आठ आण्यांचा अर्थ आम्ही असा लावला. मग हरलो तरी शेजाऱ्याच्या बांधावर पुन्हा भांडायला जाणार नाही.