मॅक्रोवाली एक्सेल फाइल सारखी करप्ट होतेय, मदत हवी आहे

मंडळी, स्टॉकची एक एक्सएलएसएम फाइल (मॅक्रो, म्हणजे कामं आपोआप करणारा कोड, असलेली एक्सेल फाइल) शेअर्ड ड्राइव्हवर आहे, आम्ही तिघं-चौघं वापरतो. चांगली चालत असते आणि मधेच एखाद दिवशी उघडली की कंटेंटमध्ये प्रॉब्लेम आहे, रिपेअर करू का असं विचारते, हो म्हटलं की व्हीबीएप्रोजेक्ट डॉट बिन (फाइलमधला मॅक्रोचा कोड असतो तो भाग) काढून टाकते, म्हणजे डेटा जागेवर पण मॅक्रो सगळे गायब, बटणं नुसती शोभेला. एक्सेलच्या ओपन अँड रिपेअरने पण तेच. मॅक्रोची मॉड्यूल्स (कोडचे भाग) वेगळ्या डॉट बास फाइली करून ठेवलीत, ती नव्या फाइलमध्ये इम्पोर्ट केली की चालतं, मग काही दिवसांनी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एक्सएलएसबीमध्ये (एक्सेलच्या बायनरी फॉरमॅटमध्ये) सेव्ह केल्याने फरक पडतो का, की मॅक्रो ॲड-इनमध्ये (एक्सेलला जोडायच्या वेगळ्या फाइलमध्ये) टाकून डेटाची फाइल वेगळी ठेवू? बॅकअप घेतेच हो, तेवढं सोडून सांगा.