मदत हवी आहे: एफएन बटण गेलं, कीबोर्डचा लाइट टर्मिनलवरून लावता येईल का?

मंडळी, प्रश्न एवढासा आहे, पण तीन रात्री खाल्ल्या त्यानं.

लॅपटॉप सेकंडहँड थिंकपॅड टी४८०, त्यावर उबुंटू २२.०४ (लिनक्स). मागच्या आठवड्यात अर्धा कप चहा कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात सांडला. लगेच बंद करून, उपडा घालून दोन दिवस पंख्याखाली ठेवला. बाकी सगळं सुरू झालं, फक्त कोपऱ्यातलं एफएन बटण कायमचं गेलं. दिवसा त्याची आठवणसुद्धा येत नाही. पण या मशीनवर बटणांखालचा लाइट एफएन आणि स्पेस एकत्र दाबून लागतो.

मी सबटायटल्सचं काम करते, तेही रात्री साडेदहानंतर. खोली एकच, आई तिथेच झोपते, त्यामुळे ट्यूब लावायचा प्रश्नच नाही. इनस्क्रिप्टवर हात बसलाय, अक्षरांकडे बघावं लागत नाही. अडतं ते टाइमकोडपाशी, म्हणजे सबटायटल कधी दिसायचं त्या वेळेपाशी. आकडे, कोलन, स्वल्पविराम, परत आकडे. सध्या स्क्रीन पुढे वाकवून तिच्या उजेडात वरची ओळ चाचपते, मग स्क्रीन मागे, मग परत पुढे. मान गेली कामातून.

सेटिंग्ज आणि वरचा कोपऱ्यातला मेनू पालथा घातला, तिथे फक्त स्क्रीनचा ब्राइटनेस आहे. शोधाशोध केल्यावर कळलं की लिनक्समध्ये हा लाइट म्हणजे एक फाइल असते आणि तिच्यात आकडा लिहिला की झालं. फाइल सापडली. मग हे दिलं (इथे देवनागरीत लिहितेय, टर्मिनलमध्ये अर्थात रोमनच):

सुडो एको १ > /सिस/क्लास/लेड्स/टीपीएसीपीआय::केबीडी_बॅकलाइट/ब्राइटनेस

पासवर्ड विचारला नाही की काही नाही, थेट 'परमिशन डिनाइड'. सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार, लावूनही परवानगी नाही म्हणजे काय? आणखी एकीकडे 'एक्ससेट लेड ३' असं दिलं होतं, त्यानं काहीच हललं नाही. काय चुकतंय?

प्रतिसाद १

ताई, फाइल बरोबर आहे, चूक त्या > चिन्हात आहे. सुडोचा अधिकार फक्त एकोला, म्हणजे मजकूर छापणाऱ्या कमांडला, मिळतो, आणि एकोला त्याची गरजच नसते, ते बिचारं १ छापून मोकळं होतं. फाइल उघडायचं काम > करतं, आणि ते काम तुमचं शेल (टर्मिनलमध्ये तुमच्या ओळी वाचून चालवणारा प्रोग्राम) करतं, तुमच्याच साध्या अधिकारात, सुडो सुरू व्हायच्याही आधी. म्हणून तर पासवर्ड विचारायची वेळच आली नाही. असं करा:

एको १ | सुडो टी /सिस/क्लास/लेड्स/टीपीएसीपीआय::केबीडी_बॅकलाइट/ब्राइटनेस

इथे फाइल उघडणारी 'टी' ही कमांड स्वतःच सुडोखाली चालते. त्याच फोल्डरमध्ये मॅक्स_ब्राइटनेस नावाची फाइल आहे, ती 'कॅट' कमांडनं वाचून बघा. टी४८० वर २ आला पाहिजे. म्हणजे ० बंद, १ मंद, २ पूर्ण.

एक्ससेटवाला सल्ला वेगळ्या कीबोर्डांसाठी आहे. काही स्वस्त यूएसबी कीबोर्डांचा लाइट स्क्रोल लॉकच्या दिव्याला जोडलेला असतो, तिथे तो चालतो. शिवाय तो एक्सऑर्ग या जुन्या डिस्प्ले सिस्टिमचा, नव्या वेलँडवर चालत नाही.

प्रतिसाद २

चहानं घालवलं ते टीनं परत आणलं म्हणायचं! 🙂

प्रतिसाद ३

टर्मिनलच्या भानगडीत न पडता करायचं तर बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जा. चालू करताना एफ१ दाबा, कॉन्फिगमध्ये कीबोर्ड-माउस, तिथे एफएन आणि कंट्रोलची अदलाबदल करायचा पर्याय आहे. तो चालू केला की डावं कंट्रोल एफएनचं काम करेल. थिंकपॅडवर ही दोन बटणं उलटसुलट असल्याची लोकांची जुनी तक्रार, त्यासाठीच दिलाय तो.

धागाकर्ती

लागला!!! १ दिला आणि बटणं उजळली. खरं सांगते, रात्री पावणेबाराला तोंडावर हात ठेवून हसले, आई जागी होऊ नये म्हणून. आणि > बद्दलचं आत्ता कुठे डोक्यात शिरलं. मी समजत होते की सुडो म्हणजे पूर्ण ओळीचा पास.

बायोसचा उपाय हुशारीचा आहे, पण डावं कंट्रोल गेलं तर माझं कॉपी-पेस्ट गेलं, आणि दिवसभर तेच तर करते. उजवं कंट्रोल वापरायला हात तयार नाही. नको.

आता पुढचं. दर वेळी एवढी लांब ओळ आणि पासवर्ड द्यायचा का? शॉर्टकट करून ठेवावा म्हटलं, पण शॉर्टकटमध्ये सुडो पासवर्ड विचारणार कुठे?

प्रतिसाद ४

सुडो नकोच. ब्राइटनेससीटीएल नावाचं छोटं पॅकेज आहे, एपीटीनं (उबुंटूच्या पॅकेज इन्स्टॉलरनं) टाका. मग:

ब्राइटनेससीटीएल -डी '*::केबीडी_बॅकलाइट' सेट १

तारांकन अवतरणात ठेवायला विसरू नका, नाहीतर शेल आधी स्वतःच त्याचा अर्थ लावायला जातं. तुम्ही स्क्रीनसमोर लॉगिन करून बसलेल्या असाल तर सिस्टिमडीचं (सिस्टिमच्या सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं) लॉगिनडी तुमच्या वतीनं आकडा लिहून देतं, पासवर्ड लागत नाही. सेटिंग्ज, कीबोर्ड, कस्टम शॉर्टकट, तिथे ही ओळ टाका. ० साठी एक, १ साठी एक. २ ची गरज तुम्हाला दिसत नाही, आई झोपलेल्या आहेत.

एकाच बटणावर फिरतं हवं असेल तर चार ओळींची स्क्रिप्ट करा: आत्ताचा आकडा वाचायचा, एक मिळवायचा, तीननं भागून उरलेली बाकी लिहायची. ०, १, २ आणि परत ०.

प्रतिसाद ५

किंवा २४.०४ वर या. नोम (उबुंटूचं डेस्कटॉप) ४५ पासून कीबोर्डचा लाइट वरच्या मेनूतच आहे. २२.०४ मध्ये नोम ४२ आहे, म्हणून तुम्हाला मेनूत दिसला नाही. तुम्ही नीटच शोधलं होतं.

धागाकर्ती

अपग्रेड हातातलं काम देऊन झालं की बघू, आत्ता चालत्या गाडीची खीळ काढत नाही.

ब्राइटनेससीटीएल टाकलं, सुडोशिवाय चाललं. सुपर (विंडोजचं बटण) आणि एफ९ वर १, सुपर आणि एफ१० वर ०. सकाळी रीस्टार्ट केलं तर लाइट आपोआप मंदवरच आला. हे कुणी लक्षात ठेवलं?

प्रतिसाद १

सिस्टिमडी-बॅकलाइट नावाची सर्व्हिस. बंद होताना आकडा जपून ठेवते, चालू होताना परत लिहिते. तुम्हाला काही करायचं नाही.

प्रतिसाद ६

ताईंचा धागा थोडा पळवतो, माफ करा. माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप आहे. लेड्स फोल्डरमध्ये एलएस (फाइलींची यादी) केलं तर फक्त कॅप्सलॉक, नमलॉक, स्क्रोललॉक दिसतात. केबीडी_बॅकलाइट नाहीच. पण बटणानं लाइट लागतो.

प्रतिसाद १

मग दोन शक्यता. एक, तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) लोड झालेला नाही. थिंकपॅडला थिंकपॅड_एसीपीआय लागतो, असुसला असुस_एनबी_डब्ल्यूएमआय, डेलला डेल_लॅपटॉप. एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या ड्रायव्हर्सच्या यादीत) तुमचा आहे का बघा, नसेल तर मॉडप्रोब कमांडनं चढवून परत एलएस करा. दुसरी शक्यता, बटण दाबलं की लॅपटॉपचं फर्मवेअर परस्पर लाइट लावतं आणि लिनक्सला कळवतच नाही. तसं असेल तर लिहायला फाइलच नाही, कमांड कितीही फिरवा.

तुमच्या एलएसमॉडचं काय येतं ते इथे टाका. आणि चहा लांब ठेवा.