मदत हवी आहे : आईसोबत तोलेदोचे दोन दिवस कसे आखावेत?

नमस्कार.

ऑक्टोबरच्या अखेरीस मी कामानिमित्त माद्रिदला जात असून माझी ७१ वर्षांची आई सोबत येणार आहे. तिने आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. स्पेनमधले एकच शहर तिला पाहायचे आहे, ते म्हणजे तोलेदो, आणि त्याचे कारण पंचतंत्र आहे. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे कोल्हे सहाव्या शतकात पहलवी या जुन्या फारसी भाषेत गेले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाच्या अरबी भाषांतरात कलीला आणि दिम्ना झाले, आणि पुढे तोलेदोत जन्मलेल्या दहाव्या अल्फोन्सोने राजा होण्याच्या थोडे आधी, १२५१ च्या सुमारास, त्या अरबी ग्रंथाचे कॅस्टिलियन, म्हणजे जुन्या स्पॅनिशमधले, भाषांतर करवून घेतले, हा सारा प्रवास ती दरवर्षी नव्या वर्गाला सांगत असे.

माझे वाचन तिच्याइतके नाही. तरी याच शहराचा काझी साइद अल-अंदलुसी याने १०६८ मध्ये ज्ञानोपासक राष्ट्रांविषयी ग्रंथ लिहून त्यात भारताला पहिला मान दिला, हे वाचल्यापासून मलाही या गावाची ओढ लागली आहे. १०८५ मध्ये ते मुस्लिम राजवटीकडून सहाव्या अल्फोन्सो या ख्रिश्चन राजाच्या हाती गेले, पण अरबी ग्रंथ आणि ते वाचू शकणारी माणसे तिथेच राहिली. म्हणूनच बाराव्या शतकात क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीच्या खगोलग्रंथासाठी इटलीहून तिथे आला आणि त्याने सत्तरहून अधिक ग्रंथ लॅटिनमध्ये नेले.

माझी मुख्य अडचण अशी आहे, की या भाषांतरकारांशी जोडलेली एखादी जागा आज पाहता येते का, हे मला कळलेले नाही. दुसरी अडचण आईच्या गुडघ्यांची आहे. सपाट रस्त्यावर ती अर्धा तास चालते, परंतु चढ आणि दगडगोट्यांची फरसबंदी तिला सोसत नाही. बहुतेक लोक माद्रिदहून सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. मला ते पटत नाही, म्हणून आम्ही दोन रात्री राहणार आहोत. सगळे पाहणे शक्य नसेल, तर काय सोडावे?

प्रतिसाद

नमस्कार. मी माद्रिदमध्ये राहतो आणि तोलेदोला अनेकदा गेलो आहे. दोन रात्री राहण्याचा आपला निर्णय योग्य आहे.

भाषांतरकारांची म्हणून दाखवता येईल अशी जुनी इमारत उरलेली नाही. त्यांचे काम मुख्यतः कॅथेड्रलच्या आश्रयाने चालले. अरबी जाणणारा यहुदी किंवा मोझाराब (अरबी वळणाचा ख्रिश्चन) विद्वान मजकूर बोलीभाषेत सांगत असे आणि दुसरा तो लॅटिनमध्ये लिहीत असे, ही तिथली एक रीत होती. आजचे कॅथेड्रल १२२६ मध्ये सुरू झाले, तेही जुन्या मोठ्या मशिदीच्या जागेवर. त्यातील मोझाराबी प्रार्थनागृहात अरबी राजवटीत टिकून राहिलेल्या ख्रिश्चनांचा प्राचीन विधी आजही चालतो. आईंना भाषेची आवड आहे, म्हणून हे आवर्जून सांगतो.

पण सर्वाधिक वेळ एल त्रान्सितो या सिनेगॉगला, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाला, द्यावा. पेद्रो राजाचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने ते चौदाव्या शतकाच्या मध्यावर बांधले आणि पुढे त्याच राजाच्या कैदेत त्याचा अंत झाला. भिंतींवरचे गचकाम मुस्लिम कारागिरीच्या वळणाचे आहे. त्यात हिब्रू स्तोत्रांचे पट्टे आहेत आणि अरबी अक्षरेही आहेत. १४९२ मध्ये यहुद्यांच्या झालेल्या हद्दपारीनंतर ही वास्तू चर्चकडे गेली. आता तिथे सेफार्दी, म्हणजे स्पेनमधल्या यहुद्यांचे, संग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असते, हे लक्षात ठेवून दिवस ठरवावेत. पांढऱ्या नालाकृती कमानींचे सांता मारिया ला ब्लांका हे जुने सिनेगॉग आणि एल ग्रेकोचे विख्यात चित्र असलेले सांतो तोमे हे चर्च तिथून जवळच आहेत. हा सारा यहुदी मोहल्ला एका सकाळी सावकाश पाहून होईल.

९९९ मध्ये बांधलेली क्रिस्तो दे ला लूझ ही छोटी मशीद मात्र उतारावर आहे. दुसऱ्या दिवशी टॅक्सीने थेट तिथे जावे, कारण तिच्या नऊ घुमटींपैकी प्रत्येकीची कमानरचना वेगळी आहे आणि ती चुकवू नये. काही सोडायचेच असेल, तर अल्काझार हा किल्ला सोडावा. आत लष्करी संग्रहालय आहे आणि ते पाय थकवणारे आहे.

माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून रेल्वेने अर्ध्या तासात पोहोचता येते. तोलेदोचे स्थानक नदीपलीकडे खाली असल्याने तिथूनच टॅक्सी घ्यावी. मुक्काम सोकोदोवेर चौकाजवळ ठेवावा. या नावाचे मूळ गुरांच्या बाजाराच्या अरबी नावात आहे.

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. त्या कॅस्टिलियन कलीलाची जुनी हस्तलिखिते तोलेदोत नाहीत. ती माद्रिदजवळच्या एल एस्कोरियल मठाच्या ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत. ती दर्शनी मांडलेली असतील असे गृहीत धरू नये.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. आपला प्रतिसाद आईला वाचून दाखवला. हस्तलिखित दिसले नाही तरी चालेल, पण ते ज्या ग्रंथालयात आहे तिथे जायचेच, असे तिने ठरवले आहे, त्यामुळे एक दिवस एस्कोरियलसाठी वाढवत आहे. एक शंका उरते : एल त्रान्सितोमधील हिब्रू पट्टे छताजवळ, फार उंचावर आहेत असे छायाचित्रांत दिसते. आईची नजर अधू आहे. ती नाटकाला नेते ती छोटी दुर्बीण सोबत घ्यावी का?

प्रतिसाद

अवश्य घ्यावी. प्रार्थनादालनाच्या कडेला बसायला जागा मिळाली, तर तिथूनच एकेक भिंत सावकाश पाहता येईल.