चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा लागतोय? अनुभव लिहा

मंडळी, दहा वर्षांपुढची गाडी हौसेने चालवणारे इथे बरेच आहेत, म्हणून हा धागा. पिवळा दिवा लागतो, मेकॅनिक स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाने नोंदलेला दोषाचा कोड पुसतो आणि आठवडाभरात स्वारी परत हजर! शेवटी दोष कुठे निघाला आणि कसा, ते लिहा. ‘सेन्सर बदलला, झालं’ एवढ्यावर सोडू नका.

सुरुवात मीच करतो. २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, कोड पी०१७१, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. गॅरेजवाल्याचं म्हणणं, ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेला. मी ब्लूटूथचं ईएलएम ३२७ डोंगल (मोबाइलवर गाडीचे आकडे दाखवणारं छोटं यंत्र) लावून फ्युएल ट्रिम पाहिला, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय तो आकडा. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, वीसच्या वर, २५०० आरपीएमला मात्र पाचच्या आसपास. सेन्सर बिघडला असता तर आकडे दोन्हीकडे फिरले असते. चोरून येणारी हवा आयडललाच जास्त जाणवते, कारण तेव्हा इंजिन मुळात हवा कमी ओढतं. पीसीव्हीचा होस (इंजिनातली वाफ परत आत ओढून नेणारी रबरी नळी) वरून ठणठणीत दिसत होता; वाकतो तिथे खालच्या अंगाला चीर. बोटाने दाबली की इंजिनाचा आवाज बदलायचा. नवा होस सेन्सरच्या मानाने किरकोळ किमतीत आला.

रत्नागिरीहून
आमच्याकडे कोड पी०१३५, ऑक्सिजन सेन्सरचा हीटर. सेन्सर नवा घातला, चार दिवस बरे गेले, परत तेच. शेवटी भावाने प्लग काढून मल्टिमीटर लावला तर हीटरच्या वायरवर व्होल्टेजच नाही. हार्नेसवरची (वायरींच्या जुडग्यावरची) टेप सोडवली तर आत उंदराने कुरतडलेली वायर, तांबं हिरवं पडलेलं, एका तारेवर लोंबकळत होती. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात, हे इथे पोराटोरांनाही ठाऊक आहे. तरी सेन्सर आधी बदलायचा आणि वायर नंतर बघायची, ही पद्धत कुणी पाडली कोण जाणे.

पुण्यातून, सीएनजीवाला
माझा दिवा फक्त गॅसवर लागायचा. पेट्रोलवर गाडी शहाण्यासारखी. बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं) होतं. गॅसचा फिल्टर उघडला तर कॉम्प्रेसरच्या तेलाने चिकट झालेला. फिल्टर आणि प्लग बदलले, मग लॅपटॉप लावून किटचं ट्यूनिंग करून घेतलं. तेव्हापासून शांतता.

न्यू जर्सीहून
इकडे दिवा पेटलेला असला तर इन्स्पेक्शनमध्ये सरळ नापास. कोड पुसून गेलात तरी गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या दिसतात आणि परत पाठवतात. माझा कोड पी०४५५, टाकीच्या वाफेची मोठी गळती. या राज्यात पेट्रोल आपण भरायचं नाही, पंपावरचाच माणूस भरतो, त्यामुळे सगळ्यांनी बिल त्याच्यावर फाडलं: झाकण नीट लावलं नसेल! नवं झाकण घेऊनही दिवा गेला नाही. धागा लागला तो वेगळाच. टाकी फुल केली की गाडी लगेच चालू व्हायची नाही, स्टार्टर बराच वेळ फिरायचा. पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली वाफ इंजिनात सोडणारी झडप) उघडाच अडकला होता. वीज नसताना तो बंद असायला हवा. काढून हातात घेतला आणि फुंकर मारली तर हवा आरपार.

कोल्हापूर, गॅरेज चालवतो
गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “दादा, कोड साफ करा.” मी आधी कोड आणि फ्रीझ फ्रेम लिहून घेतो: दिवा लागला तेव्हा वेग किती, इंजिन गरम की थंड. पुसलं की ते जातं. पी०३०२ आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, तर त्याची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) तिसऱ्यावर टाकतो. कोड पी०३०३ झाला की कॉइल दोषी, नाहीतर प्लग, इंजेक्टर बघायचे. आणि दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तो भाजून निघतो, आणि तो खर्च कॉइलच्या कितीतरी पट.

नागपूरहून
आमच्या काकांनी दिव्यावर काळी टेप लावली आहे. त्यांच्या मते गाडी दुरुस्त झाली. 😀

@कोल्हापूर: पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड) आला तर कन्व्हर्टरच गेला असं धरायचं का?

कोल्हापूर
लगेच नाही हो. आधी सायलेन्सरच्या जोडावर, पुढच्या सेन्सरच्या आसपास काजळी दिसते का बघा. तिथे गळती असली तरी हाच कोड येऊ शकतो. इंजिन थंड असताना चालू करून ऐका, टिकटिक आवाज येतो.