शब्दचर्चा : फर्मवेअरमध्ये राहून गेलेला डिबग कोड

फोंडा : फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, चाचणीपुरता घातलेला आणि माल बाजारात जाताना काढायचा राहिलेला डिबग कोड, याला मराठीत काय म्हणावं? 'दोषनिवारण संकेत' नको. तो दोष निवारत नाही, नुसता माग दाखवतो: इथवर पोचलो, पुढे चाललो. मला 'परांची' सुचतो. इमारत झाली, परांची उतरवायची राहिली.

पणजी : परांची रस्त्यावरून दिसते, हा कोड दिसत नाही. 'कच्चा टाका' घ्या. पक्की शिलाई मारण्याआधी शिंपी तो घालतो आणि मागाहून उसवतो. राहिला तर कपडा घडीत नीट दिसतो, अंगात घातला की ओढ बसते.

म्हापसा : प्रत्येक टाक्याची ओढ बसत नाही हं. एसीपीआय ही फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टिमशी वीज, झोप यांबद्दल बोलायची ठरलेली रीत. तिच्या डीएसडीटी या मुख्य तक्त्यात संगणक झोपवण्याच्या आणि जागा करण्याच्या पद्धतींत (छोट्या प्रोग्रॅममध्ये) हेक्स ८० (सोळाच्या पटीतला आकडा) या निदानाच्या पोर्टवर आकडे लिहिणाऱ्या ओळी सर्रास सापडतात. बोर्डावर निदानाचं कार्ड असेल तर आकडा दिसतो, नसेल तर तो हवेत जातो. चवथ (गणेशचतुर्थी) संपली तरी बऱ्याच घरांत माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची, चौकट वर तशीच असते, तिचा कोणाला त्रास नसतो, तसंच हे. पण याच पोर्टवर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नलही, क्षणभर थांबण्यासाठी लिहीत आलं आहे, आणि काही ६४-बिट लॅपटॉप त्यानेच गोठायचे. म्हणून २००८ च्या २.६.२५ आवृत्तीत आयओ-डिले हा पर्याय आला: ८० ऐवजी हेक्स ईडी पोर्ट वापरा, किंवा नुसता वेळ मोजा.

डिचोली : खरी ओढ सिरियल पोर्टवर, म्हणजे एकामागून एक बिट बाहेर पाठवणाऱ्या जोडणीवर, छापणाऱ्या ओळींची. वेग १,१५,२०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट), अक्षरामागे १० बिट, म्हणजे एका अक्षराला सुमारे ८७ मायक्रोसेकंद. ८० अक्षरांची ओळ सुमारे ७ मिलिसेकंद खाते. ती एसएमआयच्या, म्हणजे फर्मवेअर सगळं थांबवून स्वतःचं काम उरकतं त्या व्यत्ययाच्या, आत असेल तर तेवढा वेळ सगळे कोर थांबतात, ऑपरेटिंग सिस्टिमला पत्ताही लागत नाही, आवाज तुटतो आणि संशय साउंड ड्रायव्हरवर जातो. वाईट प्रकार वेगळाच. छापण्याआधी कोड 'जागा रिकामी' हा बिट १ व्हायची वाट बघतो. सिरियल पोर्टची चिप मुळातच नसेल तर वाचताना बहुधा सगळे बिट १ येतात आणि निभावतं. चिप आहे पण वीज तोडलेली, आणि वाचताना शून्य आलं, तर वाट संपतच नाही. लॅपटॉपचं झाकण उघडल्यावर पडदा काळा तो काळाच.

मडगाव : शोधायचं असं. एसीपीआयडम्प या साधनाने तक्ते काढा, आयएएसएल या संकलकाने डीएसडीटी वाचण्याजोगा उलगडा, त्यात हेक्स ८० आणि ३एफ८ (पहिला सिरियल पोर्ट) हे पत्ते शोधा. 'डिबग' नावाच्या वस्तूत साठवणाऱ्या ओळी दिसल्या तर घाबरू नका, मुद्दाम चालू केल्याशिवाय लिनक्स त्या छापत नाही. एसएमआयमधला कोड मात्र तक्त्यात नसतोच. इंटेलच्या यंत्रावर टर्बोस्टॅट या लिनक्समधल्या साधनातला एसएमआयचा रकाना वाढतोय का पाहा.

फोंडा : 'कच्चा टाका' मान्य. मग क्रियापद 'उसवणे' का?

पणजी : उसवणे फर्मवेअरवाल्याच्या हातात. ऑपरेटिंग सिस्टिमवाल्याकडे मूळ कापड (सोर्स कोड) नसतं, तो 'ठिगळ' लावतो. सुधारलेल्या डीएसडीटीची ओईएम आवृत्ती (तक्त्यावर नोंदलेला उत्पादकाचा क्रमांक) एकाने वाढवायची, परत संकलित करायची, सीपीआयओ या प्रकारच्या, न दाबलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यात घालून इनिटआरडीच्या (सुरू होताना कर्नल वाचतं त्या फाइलीच्या) पुढे जोडायची. सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर कर्नल बहुधा ती नाकारतं.

म्हापसा : आणि बायोस (संगणकाचं मूळ फर्मवेअर) बदलला की ठिगळ आधी काढा. डीएसडीटीत मेमरीचे पत्ते थेट कोरलेले असतात आणि नव्या बायोसमध्ये ते सरकू शकतात. जुना तक्ता मग भलत्याच जागी लिहितो.