अनुभव धागा: मिराजमधला शेवटचा मुक्काम

केतकी_बेएरिया

परवा झाकीरभाईंचं जुनं वादन लावून पोळ्या करत होते. ते संपलं आणि आपोआप पुढचा व्हिडिओ लागला, तर समोर लास वेगासच्या मिराज या कॅसिनो-हॉटेलसमोरचा कृत्रिम ज्वालामुखी! मी लाटणं ठेवून बघतच राहिले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. २००८ मध्ये तो ज्वालामुखी नव्याने केला, तेव्हा त्याचं संगीत ग्रेटफुल डेड या रॉक बँडचे ड्रमवादक मिकी हार्ट आणि आपले झाकीर हुसेन यांनी केलं. आपल्या माहीमच्या माणसाचा तबला वेगासच्या भर रस्त्यात रात्री दर तासाला वाजायचा आणि त्या ठेक्यावर आगीचे लोळ उठायचे. बघायला एक पैसा पडत नव्हता. फुटपाथवर उभं राहायचं, बस्स.

२०२४ च्या जूनअखेरीला सॅन होजेला बीएमएमचं (बृहन्महाराष्ट्र मंडळाचं) अधिवेशन झालं, त्यासाठी आईबाबा नाशिकहून आले होते. १७ जुलैला मिराज कायमचं बंद होणार हे मे महिन्यातच जाहीर झालेलं. लग्नानंतरची आमची पहिली ट्रिप तिथलीच, त्यामुळे अधिवेशन आटोपल्यावर गाडी काढली आणि बेकर्सफील्ड, बार्स्टो करत थेट मिराज गाठलं.

आत शिरल्या शिरल्या तोच नारळासारखा गोड वास. रिसेप्शनच्या मागे भिंतभर मत्स्यालय, त्यात मासे निवांत फिरतायत. बाबा जन्मभर एसटीत होते. सामान घ्यायला आलेल्या पांढऱ्या केसांच्या बेलमनला त्यांनी आपल्या इंग्रजीत पहिलाच प्रश्न विचारला, "सर्व्हिस किती झाली?" तो म्हणाला, "हॉटेल उघडलं त्या दिवसापासून इथेच आहे." म्हणजे नोव्हेंबर १९८९! बाबांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. मग पेन्शन किती, मुलं काय करतात, घर स्वतःचं आहे का, सगळी चौकशी झाली. लिफ्ट दोनदा येऊन गेली. निघायच्या दिवशी बाबांनी त्याला नाशिकचा चिवडा दिला, अख्खं पाकीट, माझ्यासाठी आणलेलं. आम्ही कॅसिनोत एक डॉलरही लावला नाही, पण त्या माणसाचा निरोप घेताना बाबांचा आवाज बसला होता.

तुमच्यापैकी कोण कोण शेवटचं राहून आलं? लिहा ना. मिराजच हवं असं नाही.

सुलभाकाकू

केतकी, पोळीचं काय झालं ते आधी सांग!

केतकी_बेएरिया

नवऱ्याने उलटली काकू, छान फुगली होती.

शिऱ्या_फीनिक्स

माझा मिराज म्हणजे फुटपाथ. विद्यार्थी असताना ॲरिझोनातल्या टेंपीहून एका गाडीत कोंबून जायचो, मुक्काम लांबच्या कुठल्यातरी मोटेलात. पैसे जेवढे असत ते पेट्रोलला. म्हणून संध्याकाळी कार्यक्रम ठरलेला, बेलाजिओ हॉटेलचे कारंजे आणि मिराजचा ज्वालामुखी. तळ्याच्या कठड्याला टेकून उभं राहिलं की एवढ्या लांबून चेहऱ्याला धग लागायची. पहिल्यांदा लागली तेव्हा मित्र दोन पावलं मागे सरला होता. आत खोल्या कशा असतात कुणाला माहीत!

मिराज जाणार कळल्यावर बायकोला म्हटलं, एकदा तरी आतून बघू. ७ जुलैला पोचलो आणि त्याच दिवशी वेगासने आजवरचा उच्चांक मोडला, १२० फॅरनहाइट, म्हणजे ४८.९ सेल्सिअस. पार्किंगमध्ये गाडीच्या दाराला हात लावता येईना. पण ज्वालामुखीच्या बाजूची खोली मिळाली. मुलगी खिडकीला नाक लावून, आणि खाली कठड्यापाशी पोरापोरींची गर्दी, बॅकपॅक वगैरे. त्यांच्याकडे बघून माझ्या घशात काहीतरी अडकलं. बायकोला सांगितलं, मी तिथे उभा असायचो, बघ. आणि मग आम्ही तिघंही खाली जाऊन तिथेच उभे राहिलो.

रेवा

+१ धग! आणि पिन्या कोलाडाचा वास. गॅसचा वास झाकायला तो सोडायचे म्हणे.

अनुष्का_टोरंटो

मी फक्त बीटल्ससाठी गेले होते. सर्क द्यू सोले या सर्कस कंपनीचा बीटल्सच्या गाण्यांवरचा शो २००६ पासून मिराजमध्ये चालू होता, ७ जुलैला शेवटचा प्रयोग. मला ६ तारखेचं तिकीट मिळालं. मधोमध गोल रंगमंच आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीत, कानाशी, स्पीकर. कोरस सुरू झाला की आपल्या मागेच कुणी गातंय असं वाटायचं.

बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन आणि सर्कच्या संस्थापकाची दोस्ती होती, त्यातून ही कल्पना निघाली. संगीत बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन आणि त्यांचा मुलगा जाइल्स यांनी बांधलं. माझ्या दादाकडे बीटल्सच्या कॅसेट होत्या, दादरला आम्ही दोघं एकाच हेडफोनचा एकेक कान वाटून घ्यायचो. दादा आता नाही. सतार वाजली तेव्हा रडले, शेजारच्या बाईंनी काही न विचारता टिश्यू दिला. त्याही रडतच होत्या.

सुलभाकाकू

अनुष्का, तुला जवळ घेते गं.

ओंकार_डी

त्या मत्स्यालयातल्या माशांचं काय झालं पुढे? आणि डॉल्फिन होते ना?

नेवाडाकर

ओंकार, डॉल्फिन आधीच गेले. २०२२ मध्ये काही दगावले, त्यानंतर ते ठिकाण कायमचं बंद केलं आणि उरलेले दुसरीकडे हलवले. ते मला व्यक्तिशः योग्य वाटतं, वाळवंटात डॉल्फिन कशाला.

आता धाग्याबद्दल. मी हेंडरसनला राहतो, म्हणजे गावातच. शेवटचा आठवडा काय होता ते सांगतो. नेवाडात नियम असा की प्रोग्रेसिव्ह जॅकपॉटमध्ये लोकांच्या खेळातून जी रक्कम साठते ती कॅसिनोला बंद होताना खिशात घालता येत नाही, लोकांनाच परत द्यावी लागते. मिराजमध्ये अशी सुमारे १६ लाख डॉलरची रक्कम होती. ९ ते १६ जुलै दरम्यान ती रोज थोडी थोडी वाटली. झालं, अख्खं गाव लोटलं. मशीनच्या खुर्चीवरून कुणी उठेना, मागे रांगा, खुर्चीसाठी भांडणं. १४ जुलैनंतरची खोल्यांची बुकिंग घेतच नव्हते, तरी आत पाय ठेवायला जागा नाही.

पण मला राहायचं होतं ते कामगारांमुळे. तीन हजारांच्या वर लोकांची नोकरी गेली. आमच्या शेजारच्या बाई तिथे हाउसकीपिंगला होत्या. युनियनच्या करारातून नोकरीच्या दर वर्षामागे २,००० डॉलर, किंवा कमी पैसे घेऊन नवीन हॉटेल उघडल्यावर परत बोलावण्याचा हक्क, असे पर्याय होते. बाईंनी पैसे घेतले. म्हणाल्या, नवीन हॉटेल २०२७ ला, तोवर माझे गुडघे थांबणार आहेत का?

त्यांच्याच मजल्यावर खोली घेतली होती. सकाळी त्या गाडी घेऊन आल्या तर हिने त्यांना आत बसवलं, चहा दिला. खोलीतल्या कॉफीच्या यंत्रातलं गरम पाणी, आमच्या टी बॅगा. गादीखाली चादर कशी खोचायची, कोपरा कसा दुमडायचा ते त्यांनी हिला दाखवलं, एका झटक्यात, बघत राहावं असं. एवढी वर्षं त्या खोल्या आवरल्या आणि खुर्चीवर बसून खिडकीबाहेर पहिल्यांदाच बघतेय म्हणाल्या.

१७ जुलैला आषाढी होती. ही देवाला तुळस वाहत होती आणि टीव्हीवर मिराजचे कर्मचारी एकमेकांना मिठ्या मारताना दाखवत होते. ही म्हणाली, पांडुरंगा, सांभाळ रे सगळ्यांना.

गिरणगावकर

नेवाडाकर, तुमचं वाचून काम सोडून लिहितोय. माझे वडील परळला गिरणीत होते, साच्यावर. ८२ चा संप झाला आणि परत गिरणी धड सुरू झालीच नाही. त्यांना निरोप वगैरे काही नाही मिळाला. दर वर्षामागे पैसे तर सोडाच. आता तिथे मॉल आहे. वडील कधी आत गेले नाहीत, बाहेरून बघायचे, चिमणी कुठे होती ते बोटाने दाखवायचे. त्या बाईंना निदान शेवटी खिडकीशी बसता आलं. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

नेवाडाकर

सांगतो दादा. तुमच्या वडिलांवर वेगळं लिहा, नक्की.

विनायक_सदाशिवपेठ

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. कॅसिनो बंद झाला याचं दुःख मला होत नाही. जुगारापायी घर विकलेलं मी जवळच्या नात्यात पाहिलं आहे.

केतकी_बेएरिया

विनायकदादा, राग कसला. तुमचं बरोबर आहे आणि तुम्ही ते लिहिलंत ते चांगलं केलंत. धाग्यावर खेळण्याबद्दल कुणी लिहिलेलं नाही, बघा. सगळे माणसांबद्दल आणि त्या ज्वालामुखीबद्दलच लिहितायत.

पणजीची_पोर

विनायककाका +१. मांडवीत त्या कॅसिनोच्या बोटी रात्रभर लखलखतात, आमच्याकडेही घरं बसलीत त्यापायी. पण तिथे काम करणारी पोरं आमच्याच वाड्यावरची आहेत, हेही खरं. दोन्ही बाजू छळतात.

वऱ्हाडी_माणूस

आमचा शेवटचा मुक्काम ट्रॉपिकानात झाला होता भाऊ. १९५७ चं हॉटेल, २ एप्रिल २०२४ ला बंद. माह्या सासऱ्याले तिथलं रंगीत काचेचं छत लय आवडलं. अकोल्याहून आलेला माणूस, मान वर करून उभा तो उभाच, शेवटी म्हणते, "हे पाडतीन? मंग काढून ठेवाच लागते ना बाप्पा!" ऑक्टोबरात मध्यरात्रीनंतर अडीच वाजता सुरुंग लावून पाडलं, आधी ड्रोन न् फटाके. बेसबॉलचं मैदान होणार तिथं. सासऱ्याले व्हिडिओ पाठवला त पूर्ण पाह्यलाच नाही त्यायनं. म्हणे, घर पाडतानी फटाके कोण फोडते?

रेवा

सासऱ्यांना दंडवत.

एडिसनवाला

आमच्याकडे न्यूजर्सीत अटलांटिक सिटीचं ताजमहाल नावाचं कॅसिनो-हॉटेल. २०१६ च्या ऑक्टोबरात बंद पडलं. दाराशी दगडी हत्ती, वर घुमट. आई म्हणायची, "आग्र्याला नाही नेलंस, इथे तरी आणलंस!" पुढे तेच हॉटेल हार्ड रॉक कंपनीने घेतलं, घुमट गेले, २०१८ ला नव्या नावाने उघडलं. आणि मिराजही हार्ड रॉकनेच घेतलं. ज्वालामुखीच्या जागी गिटारच्या आकाराचा जवळपास ७०० फुटी मनोरा उभा राहतोय. दिसेल सुंदर, पण ती खोलीवाल्यांची गिटार. फुटपाथवरच्यांचा ज्वालामुखी होता तो, शिऱ्याने लिहिलंय ते अगदी खरं.

मोहिनी_क

पांढरे वाघ कुणालाच कसे आठवत नाहीत?? ९७ साली आत शिरताच काचेमागे वाघ झोपलेले असायचे, तेही फुकट बघायला. सीगफ्रीड आणि रॉय या जादूगार जोडीचा शो मात्र महाग, तो आत्याने दाखवला. हत्ती गायब झाला तेव्हा आत्या उभी राहून शोधत होती. २००३ ला वाघाने रॉयला रंगमंचावर धरलं आणि शो संपला तो कायमचा. आता तर दोघंही नाहीत, २०२० आणि २०२१.

आत्या ८४ वर्षांची आहे, ह्यूस्टनला. २०२४ च्या जूनमध्ये तिला व्हीलचेअरवरून घेऊन गेले. आत शिरताच म्हणाली, "वाघ कुठायत गं?" तिथल्या सुरक्षारक्षकाने ऐकलं, मराठी कळायचं कारण नाही, पण आत्याने हाताने पंजा करून दाखवला. तो स्वतः खुर्ची ढकलत जुन्या जागेपाशी घेऊन गेला, "इथे, मॅडम." आत्याने त्याचा फोटो काढायला लावला, वाघांच्या जागी तो उभा. फ्रिजवर लावलाय.

सुलभाकाकू

मोहिनी, आत्या कुठल्या, मूळच्या सांगलीच्या का? तुझं आडनाव बघून विचारते.

मोहिनी_क

मिरजेच्या काकू! तुम्ही?

सुलभाकाकू

अगं बाई, मी ब्राह्मणपुरीतली. आत्याचं माहेरचं नाव मेसेजमध्ये कळव.

शिऱ्या_फीनिक्स

मिराजच्या धाग्यावर मिरज. जमलं!

रश्मी_नवी

मस्त धागा. थोडं अवांतर, आम्ही जुलैत सासूसासऱ्यांना घेऊन वेगासला जातोय, डेथ व्हॅली एका दिवसात होईल का? आणि शाकाहारी जेवणाचं कसं?

नेवाडाकर

रश्मीताई, जुलैत ज्येष्ठांना घेऊन डेथ व्हॅली अजिबात नको. त्यापेक्षा माउंट चार्ल्सटनला जा, तासाभराच्या आत पोचता, वर झाडी आणि गारवा आहे. जेवणाची काळजी करू नका, गावात भारतीय दुकानं, खानावळी भरपूर. खोलीत मायक्रोवेव्ह असेलच असं नाही, बुक करताना विचारून घ्या.

सुलभाकाकू

दशम्या ने गं, चार दिवस टिकतात. दुधातच भिजव, पाणी अजिबात नको.